गाडीच्या पोटातला वारा

जतहून परत येऊन आठवडा झाला, तरी माझ्याकडं ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांचा प्रश्न काही संपत नाही. "अहो, लोक महाबळेश्वरला जातात, फार तर पन्हाळ्याला. तुम्ही जतला काय बघायला गेलात? तेही ट्रकमधून?" माप घेता घेता एकेकीला सांगत बसले तर हिच्या बाह्या तिला लागायच्या, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, तेव्हा इथं त्यांना हवालदारच म्हणते. अख्खी गल्ली तेच म्हणते. सैन्यात त्यांनी जन्मभर गाड्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या. पेन्शनीत आल्यावर वर्षभर ते घरात असे फिरत होते, की काहीतरी कुठंतरी विसरून आलेत आणि काय ते आठवत नाही. मग दिवाळीच्या सुमारास माझ्या चुलत दिराबरोबर भागीत त्यांनी सैन्यानं लिलावात काढलेला एक ट्रक घेतला. मोठ्या लढाईतला. रंग शेवाळी, नाक बोथट आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. तो दारात उभा राहिल्या दिवसापासून आमचे हवालदार शीळ घालायला लागले.

फाल्गुनात बिराप्पाचं कार्ड आलं. बिराप्पा जतकडचा धनगर, त्यांच्याच पलटणीतला. कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर दोघं शेकोटीला बसलेले असताना हवालदारांनी त्याला शब्द दिला होता, "तुझ्या बहिणीचं वऱ्हाड माझ्या गाडीतनं जाईल गड्या." तेव्हा ती बहीण झोळीत होती आणि हवालदारांकडं सायकलसुद्धा नव्हती. कार्डात एवढंच होतं: "दादा, कस्तुराचं लगीन चैत्रात धरलंय. गाडी घेऊन या. वैनीला आणा."

साताऱ्याहून कडेगाव

पहाटे निघालो. स्टिअरिंग डावीकडं म्हणजे मी उजवीकडं, रस्त्याच्या मधल्या अंगाला. पुढं बैलगाडी आली की हवालदारांना पलीकडचं दिसायचं नाही. मग मी मान बाहेर काढायची आणि सांगायचं.

"मोकळा आहे. घ्या."

"नक्की?"

"आवं, नक्की म्हणजे नक्की. एक कोंबडी आहे फक्त."

कऱ्हाडपर्यंत माझा घसा बसला, पण गाडी मीच चालवतेय असं वाटायला लागलं होतं. सुर्लीच्या घाटात इंजिनानं चहाच्या किटलीसारखी वाफ सोडली, तेव्हा वर जाऊन पाणी पाजलं आणि आम्हीही भाकरी खाल्ली. वरच्या वाऱ्यात उसाच्या रसाचा वास होता. गुऱ्हाळं अजून चालू होती.

कडेगाव जवळ आलं तसा एक साधाच उतार लागला. पुढं उसानं भरलेल्या गाड्यांची रांग. हवालदारांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय थेट फळीपर्यंत गेला. मला कळलं, कारण त्यांची शीळ मध्येच तुटली.

इथं थोडं समजावून सांगते. या ट्रकचे ब्रेक तेलाचे. पायाखालचं पेडल दाबलं की तेल नळ्यांतून चारी चाकांकडं धावतं आणि चाकं आवळली जातात. नळी फुटून तेल गेलं, की तुम्ही पेडल दाबा नाहीतर नमस्कार करा, सारखंच.

"धरून बस गं!" हवालदार ओरडले. त्यांनी गिअर खाली टाकला, हाताचा ब्रेक ओढला, आणि शेवटच्या गाडीच्या जरा अलीकडं रस्ता सोडून आम्ही एका गुऱ्हाळाच्या अंगणात शिरलो. तिथं उसाच्या पाचटाचा भलामोठा ढीग होता. त्यात आम्ही नाकापर्यंत बुडालो. सगळीकडं एकदम शांत झालं. माझ्या मांडीवर, केसांत, पोळीच्या डब्यात पाचटच पाचट.

गुऱ्हाळाचे मालक, पांढऱ्या मिशांचे एक तात्या, हातात दांडकं घेऊन धावत आले. "कुठला रं तू? डोळं फुटलं व्हय?"

हवालदार पाचटातून बाहेर आले आणि कशामुळं कोण जाणे, ताठ उभे राहिले. ती सवयच आहे. तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग ट्रककडं पाहिलं. दांडकं खाली गेलं.

"कुठली पलटण?"

हवालदारांनी सांगितली.

"आरं, आमचा थोरला तिथंच हाय की! आधी न्हाई का सांगायचं?" जणू काही आम्ही ढिगात घुसण्याआधी आरोळी देऊन कळवायला हवं होतं. "ए, काकवी आण रं कुणीतरी! वैनी, तुमी या, सावलीत बसा. पाचट काय, पुन्यांदा रचता येतंय."

गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर पळसाच्या पानावर मिळाला. साताऱ्यात आपण गुळाचा खडा पाहुण्याच्या हातावर ठेवतो, इथं ढेपच पुढं सरकवतात आणि 'लाजू नका' म्हणतात. मी खात होते तोवर हवालदार मागच्या चाकाखाली शिरले. रबराची नळी फुटली होती. सुटी नळी त्यांच्या पेटीत होती, ती बसली. शिल्लक होतं ते तेल भरलं. पण नळी बदलताना आत वारा शिरतो, आणि तो काढावा लागतो. वारा चेपला जातो, तेल चेपत नाही. आत वारा राहिला तर पाय वाऱ्यालाच दाबत बसतो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

"तू वर बस," ते म्हणाले. "मी म्हणंन तवा दाब, म्हणंन तवा सोड."

चाकामागं एक लहान स्क्रू असतो. पेडल दाबून धरायचं, स्क्रू सैल करायचा, वारा-तेल बाहेर पडलं की स्क्रू आवळायचा, मग पेडल सोडायचं. "दाब… धर… सोड. दाब… धर… सोड." शिलाई मशीनवर माझे पाय तयार झालेले, नाहीतर दुसरी कुणी असती तर रडली असती. तात्या बाजूला बसून आम्हाला कवायतीसारखं मोजून देत होते.

शेवटी पेडल थोडं वर आलं, पण मऊच राहिलं. हवालदारांनी पायानं चाचपून पाहिलं आणि मान हलवली. "रिकाम्या गाडीला ठीक हाय. माणसं बसवाया न्हाई चालायचं."

तात्यांनी निघताना गुळाची एक अख्खी ढेप मागं टाकली. "नवरीच्या घरी द्या. कडेगावचा आहेर म्हनावं."

सांगली

सांगलीत शिरल्याचं डोळ्यांआधी नाकाला कळतं. हळदीचा वास. पेठेत पोती, हमालांच्या पाठी, मांजराचे पाय, सगळं पिवळं. रात्री धर्मशाळेत झोपले तर उशीलाही तोच वास. सकाळी मी कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खाल्लं, हवालदार ब्रेक तेलाच्या शोधात गेले.

दुकान सापडल्यावर मलाही घेऊन गेले. त्यांनी एक डबा घेतला.

"दोन घ्या," मी म्हटलं.

"एक लय झाला. दुसरा कशाला?"

"आमटी उकळताना पाण्याचा तांब्या जवळ ठेवतात, कशाला?"

दुकानदार हसला आणि त्यानं दुसरा डबा आपणहून पुढं ठेवला.

मग आम्ही तांबट गल्लीत गेलो. हवालदारांच्या डोक्यात आता दुसरीच युक्ती होती. सैन्याच्या कारखान्यात पेडल मारत बसत नाहीत, म्हणाले. तेलाच्या टाकीवर हवेचा दाब द्यायचा. मग तेल आपणच सगळ्या नळ्यांतून पुढं सरकतं आणि वाऱ्याला ढकलत नेतं. तिथं त्याचं यंत्र होतं. इथं आपण झाकणाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह जोडू, आणि हवा घेऊ स्टेपनीतली.

तांबटानं ट्रकच्या तेलटाकीचं सुटं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. त्याच्या पुढ्यात कुणाच्या तरी लग्नाची घंगाळं होती. "हे कसल्या भांड्याचं झाकण म्हणायचं?"

"ट्रकच्या."

"आणि त्याला तोंड कशाला?"

"वारा भरायला."

"काढायचाय म्हणालात ना?"

"वारा भरूनच वारा काढायचा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं की हे शहाणे आहेत, करून द्या. त्यानं इतकं सुबक काम केलं, की त्या झाकणावर नाव घालायचं तेवढं बाकी राहिलं. टायरवाल्याकडून दोन्ही टोकांना वॉल्व्हवर बसणारं तोंड असलेली एक नळी घेतली आणि दुपार व्हायच्या आत मिरजेच्या रस्त्याला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघायचं होतं, तेव्हा उरलेलं काम तिकडंच करायचं ठरलं.

जत

मिरज सोडली की ऊस विरळ होतो. कवठ्याच्या पुढं तो विसरूनच जायचा. जमीन तांबूस, उघडी, आणि आकाश केवढं! साताऱ्याला आपण डोंगरांच्या ओंजळीत राहतो, ते तिथं गेल्यावर कळतं. वाटेत मेंढरांचे कळप, काठीवर रेललेली माणसं. बोलणं हळूहळू बदलत जातं. मराठी वाक्याच्या शेवटाला कानडी शेपूट फुटतं.

बिराप्पाच्या वस्तीवर पोचलो तर अंगणभर माणसं. त्यानं हवालदारांना मिठी मारली, मग ट्रकच्या नाकाला हात लावून कपाळाला लावला. कुणीतरी मूठभर भंडारा उधळला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि आम्ही दोघं आणि ट्रक, तिघंही पिवळे झालो. बिराप्पाची आई, तिला सगळे आव्वा म्हणतात, माझ्या गालांवरून हात फिरवून कानडीत काहीतरी बोलली.

"जेवलीस का इचारतीया," बिराप्पा म्हणाला. जेवले नव्हते. हुलग्याचं माडगं, कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि मेंढीच्या दुधाचा दाट चहा. मी कस्तुरासाठी अंदाजानं शिवून नेलेला ब्लाउज तिला बेतून दिल्यासारखा बसला. ती आरशात न पाहता माझ्याकडं पाहून हसली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. वऱ्हाडातली हौशी मंडळी आजच ट्रकमध्ये चढून बसली होती. "एक चक्कर मारा की हवालदार!" हवालदारांनी पेडलवर पाय ठेवला. ते सांगलीपेक्षाही मऊ झालं होतं.

"खाली उतरा सगळी," ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

"उतरा म्हनतोय न्हवं! माणसं बसवायजोगी न्हाई गाडी."

एक पागोटेवाले चुलते उतरले आणि बिराप्पाला म्हणाले, "लगनाच्या घरी माणसाला चढल्यालं उतरवत्यात व्हय रं? ह्योच तुझा दोस्त?"

बिराप्पाचा चेहरा पडला. त्यानं हवालदारांना बाजूला घेतलं. "दादा, मधी नदीचा उतार हाय. बैलगाड्यांनी जायचं तर आत्ताच जुपाय पायजेत, तवा कुठं सकाळपातूर पोचतील. आन् आव्वाचं गुडघं बैलगाडीत टिकत न्हाईत. ती हितंच ऱ्हाईल. पोरीचं लगीन आय बगणार न्हाई. कसं करू?"

हवालदारांनी वर उन्हाकडं पाहिलं. "उन्हं कलस्तवर दम धर. झालं तर झालं. न्हाई तर गाड्या जुप, मी सोता बैल धरतो."

वारा

कामं वाटून घेतली. स्टेपनीतली बरीचशी हवा हवालदारांनी आधीच सोडून दिली, कारण जास्त जोरानं गेली तर टाकीच फुटायची. बिराप्पानं गॅसबत्तीची टाकी आणून दाखवली, तिला पंप असतो म्हणून. "नगं," हवालदार म्हणाले, "रॉकेलचा थेंब आत गेला तर रबरं फुगत्यात." स्टेपनीपासून झाकणापर्यंतची नळी माझ्या हाती, मी हवा द्यायची आणि तोडायची. बिराप्पानं टाकीत तेल भरायचं. टाकी लहान, त्यामुळं पुन्हा पुन्हा. हवालदार चाकाखाली पाना घेऊन. स्क्रूला एक बारीक नळी, तिचं टोक काचेच्या बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. तिथं बुडबुडे आले तर वारा आहे, थांबले तर संपला.

पण बुडबुडे बघायचे कुणी? हवालदारांचा चष्मा साताऱ्याच्या कोनाड्यात राहिला होता. जवळचं त्यांना धूसर दिसतं.

आव्वा गुडघे धरत येऊन बाटलीपाशी बसली. मेंढराच्या लोकरीतली गोचीड अंधुक उजेडात टिपणारे ते डोळे. तिनं आधी तेलाचा वास घेतला.

"एरंडेल?"

"तसंच काहीतरी हाय, आव्वा," हवालदार म्हणाले.

"मंजी गाडीच्या पोटात वारा धरलाय. मग आसं सांगा की!" ती मराठीत म्हणाली, आणि पागोटेवाल्या चुलत्यांसकट सगळं अंगण हसलं.

मी हवा दिली. हवालदारांनी स्क्रू सैल केला. बाटलीत गुरगुर झाली.

"गाळी बंतु!" आव्वा ओरडली. गाळी म्हणजे वारा. वारा आला. "गाळी… गाळी… सण्ण गाळी…" म्हणजे बारीक वारा. मग बराच वेळ टक लावून, "गाळी इल्ला. साकु." वारा नाही, पुरे.

पहिलं चाक झालं. दुसरं झालं. आता लोक सतरंजी टाकून बसले होते आणि प्रत्येक 'बंतु'ला टाळ्या देत होते. तिसरं चाक अर्ध्यावर असताना आतून बायकांनी बिराप्पाला हाक मारली, नवरीला हळद लावायला भाऊ पाहिजे. तो "आलोच" म्हणून गेला. मी नळी धरून बसले. हवालदार चाकाखाली. आणि आव्वा एकदम किंचाळली, "गाळी! गाळी! गाळी!"

टाकी कोरडी झाली होती. स्टेपनीची हवा सरळ नळ्यांत शिरली होती. सगळं पहिल्यापासून.

बिराप्पा पिवळ्या हातांनी धावत आला आणि गोष्ट समजताच मटकन खाली बसला. डबा त्यानं उलटा केला. थेंब पडला. पलीकडं कुणीतरी न विचारताच बैलांना चुचकारायला लागलं. बाटलीतलं निघालेलं तेल काळं, फेसाळ, ते परत घालता येत नाही. हवालदार चाकाखालून बाहेर आले. बिराप्पावर ते रागावले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते.

मी केबिनमध्ये गेले आणि सीटखालचा दुसरा डबा आणून त्यांच्या हातात दिला.

"आमटी," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही अंगणात उभे राहून वेड्यासारखे हसायला लागलो. आव्वाला काही कळलं नाही, तरी तीही हसली.

या वेळी तेल भरायला पागोटेवाले चुलते आपणहून पुढं आले. टाकीवरून त्यांची नजर ढळली नाही, देवाच्या समईत तेल घालावं तसं घालत होते. बिराप्पा त्यांच्या मागं उभा राहून हात चोळत होता. आव्वानं चारही चाकांना 'साकु' म्हटलं तेव्हा उन्हं कलली होती. शेवटच्या चाकाला तर तिनं हवालदारांना स्क्रू दोनदा परत उघडायला लावला, एका मोहरीएवढ्या बुडबुड्यासाठी.

हवालदार वर चढले आणि पेडल दाबलं. ते थोडंसं खाली गेलं आणि दगडावर पाय पडावा तसं थांबलं. त्यांनी मला बोलावलं, "तूच दाबून बग." मी दाबलं. कडेगावला ज्या पेडलनं माझे पाय खाल्ले होते, ते हे नव्हतंच.

त्यांनी एकट्यानं नदीच्या उतारावर चक्कर मारून आणली, अर्ध्यात थांबवून, परत सोडून, परत थांबवून. आले ते शीळ घालतच. बैल सोडले गेले. रात्री कडेगावच्या गुळाची हुग्गी झाली, गहू आणि गूळ इतका शिजलेला की चावायचं काम नाही. चुलत्यांनी हवालदारांच्या पानात तिसऱ्यांदा वाढली आणि स्वतःच म्हणाले, "मी म्हातारा मानूस, बोलून गेलो."

सकाळी वऱ्हाड चढलं. हौद्यात सतरंज्या, पोरं, परडी, ढोल. कस्तुरा मैत्रिणींच्या मधोमध. आव्वाला केबिनमध्ये माझ्याशेजारी बसवलं. तिनं एक हात दाराला आणि एक माझ्या मनगटाला धरला. जन्मात पहिल्यांदाच ती मोटारीत बसत होती.

नदीचा उतार लागला तसं मागचं बोलणं थांबलं. खाली कोरडं पात्र, पांढरी वाळू, पलीकडं दुसरा चढ. आम्ही सावकाश उतरायला लागलो आणि अर्ध्यात वळणावर मेंढरं आली. रस्ताभर मेंढरं, गळ्यात घुंगरं, कुणाला कसली घाई नाही.

हवालदारांनी पाय दाबला. ट्रक जागच्या जागी थांबला. हौद्यात सगळी एकमेकांवर कलंडली, एक किंकाळी उठली, आणि मग हशा. हशा ओसरेपर्यंत बायकांनी गाणं धरलं. कानडीतलं, लेकीला वाटेला लावायचं असावं. आव्वा पुढं बसून त्यांच्यात सूर मिसळायला लागली. तिचा हात अजून माझ्या मनगटावर होता, पण आता घट्ट नव्हता.

हवालदारांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

शेवटचं कोकरू बंपरपुढून उड्या मारत गेलं. धनगरानं काठी उंचावून रामराम केला. रस्ता मोकळा झाला.

"मेंढरं गेली की," मी म्हटलं.

"व्हय."

"मग?"

"गाणं पुरं हुं दे की गं," हवालदार म्हणाले. "इंजिन लावलं तर ऐकू येत न्हाई."

आणि त्या उतारावर, अख्खं वऱ्हाड एका पायावर पेलून, ते ऐकत बसले.